बॉल पायथनच्या काचपेटीत दमटपणा टिकत नाहीये, थंडीत तुम्ही काय करता?

रेवाकाठ
नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे, पण इथे मांजरांपासून कासवांपर्यंत सगळ्यांवर बोलणं होतं म्हणून विचारतेय.

आम्ही मिनेसोटात राहतो. मुलगा ११ वर्षांचा आहे. दोन वर्षं त्याचा हट्ट, मग वाचन, मग परत हट्ट असं करत गेल्या जूनमध्ये घरी बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा, बिनविषारी अजगर) आली. इथेच पैदाशीतली, छोटी मादी. रंग काळाकरडा म्हणून नाव ठेवलं मिरी. मला आधी भीती वाटायची, आता सकाळी चहाच्या आधी तिला बघून येते.

उन्हाळ्यात तिने तीनदा कात टाकली, तिन्ही वेळा अख्खी, उलटा काढलेला मोजा असतो तशी. नोव्हेंबरात घरातला हीटर सुरू झाला आणि डिसेंबरातली कात तुकड्यातुकड्यांनी निघाली. शेपटीच्या टोकाला अजून एक कडं अडकलंय आणि डाव्या डोळ्यावर पापुद्रा राहिलाय असं मला वाटतं. पेटी ४० गॅलनची काचेची, वर जाळीचं झाकण, जाळीवर उष्णतेचा दिवा (थर्मोस्टॅटला जोडलेला), खाली अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा. काचेला चिकटवलेला काट्याचा गोल आर्द्रता-मीटर कायम ६० टक्के दाखवायचा म्हणून आम्ही निर्धास्त होतो. परवा डिजिटल आणला तर तो २६ दाखवतोय!!

आता दिवसातून चार वेळा स्प्रे मारतेय. मारला की ८०, दीड तासात परत ३०. रात्री दोनला गजर लावून उठते. मुलगा विचारतो, आई तिला खाजत असेल का गं, आणि माझ्याकडे उत्तर नाही. कोणी पाळलाय का साप? नेमकं काय चुकतंय?

टेक्सासचा_बंड्या
आमच्याकडे ६ वर्षं बॉल पायथन आहे, सकाळ-संध्याकाळ स्प्रे, बस. कधी त्रास नाही. तुमची बाटली बारीक फवाऱ्याची असेल, मोठा पंप घ्या. नाहीतर धुकं करणारं मशीन मिळतं ते लावा.

माडाखालची
अगो बाय, साप घरात! आमच्याकडे वेंगुर्ल्यात घरात साप आला की बाहेर कसा काढायचा हा प्रश्न असतो, तुझा वेगळाच. दमट हवा हवी असेल तर जूनमध्ये इकडे घेऊन ये तिला. पापड, पोहे, शेव सगळं सादळतं, चामड्याच्या चपलेला बुरशी येते, कपाटातल्या साड्यांना वास येतो.

गंमत सोड, पण लेकराचा जीव तुटतोय ते कळलं गं. ती खाते काय पण?

रेवाकाठ
@माडाखालची काकू, उंदराची पिल्लं. गोठवलेली मिळतात, कोमट पाण्यात वितळवून चिमट्याने द्यायची. त्यांच्यासाठी गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीझर घेतलाय, सासूबाईंची तेवढी एकच अट होती.

@बंड्या, दिवसाला दोनदाच? इथे चारदा करूनही टिकत नाही.

थंड_डोक्याचा
बंड्या ह्यूस्टनला आहे हे त्याच्या बाकीच्या धाग्यांवरून माहितीये. तिथे बाहेरची हवाच इतकी ओली की त्याने स्प्रे नाही मारला तरी चाललं असतं. 🙂

रेवा, मी शिकागोत इमारतींच्या हीटिंग-कूलिंगचं काम करतो, सापातलं काही कळत नाही पण हवेतलं कळतं. तुमच्याकडे बाहेर उणे २० सेल्सिअस असतं तेव्हा हवा कितीही ओली म्हटली तरी एका घनमीटरमध्ये जेमतेम १ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. तीच हवा फटीतून घरात येते आणि हीटर तिला २१ अंशांवर नेतो. २१ अंशांच्या हवेत १८ ग्रॅम मावतात. म्हणजे आहे १ आणि जागा १८ ची, आर्द्रता ५ टक्के. स्वयंपाक, अंघोळ, आपले श्वास यांची भर पडून घरात २०-२५ पर्यंत येते. ही हवा तहानलेली असते, जिथून मिळेल तिथून पाणी ओढते. तुमचे ओठ, टाचा, मुलाचं नाक, आणि मिरीची पेटी.

त्यात पेटीला वर जाळी आणि जाळीवर दिवा. म्हणजे तुम्ही धुराडं केलंय. दिव्याने गरम झालेली हवा वर जाते, स्प्रेचं पाणी घेऊनच जाते आणि तिच्या जागी खोलीतली कोरडी हवा आत येते. बाटली बदलून काही होणार नाही. आधी झाकण बंद करा.

रेवाकाठ
धुराडं! इतक्या दिवसांत हे कोणी सांगितलं नव्हतं. दुकानात विचारलं तर अजून एक स्प्रेची बाटली दिली. (मुलाच्या नाकाचा घोळणा फुटतोय डिसेंबरपासून, ते पण यानेच का?)

थंड_डोक्याचा
बहुतेक. त्याच्या खोलीत ह्युमिडिफायर लावा, ३५-४० पर्यंत. त्याच्या वर नेऊ नका, इतक्या थंडीत खिडक्यांच्या काचांवर पाणी साचून चौकटी कुजतात. सापाची पेटी त्याच खोलीत असेल तर तिलाही मदत, २० ऐवजी ३५ पासून सुरुवात होईल.

खर्ज_पंचम
कोरड्या हवेचा विषय निघालाय म्हणून. माझ्या तंबोऱ्याचा भोपळा न्यू जर्सीत दुसऱ्याच हिवाळ्यात तडकला, मिरजेहून खास करून आणला होता. तबल्याची पुडी पण इतकी ताणते की स्वर चढतो. आता वाद्यांची खोली वेगळी, तिथे मशीन आणि मीटर. मीटरच्या बाबतीत मात्र एक सांगतो, नवीन डिजिटल पण डोळे झाकून धरू नका. आम्ही वाजवणारे लोक मिठाने तपासतो. बाटलीच्या झाकणात साधं मीठ, त्यात थेंब थेंब पाणी, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळू द्यायचं नाही. ते आणि मीटर हवाबंद झिपच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी मीटरने ७५ दाखवलं पाहिजे. ७० दाखवलं तर तुमचा मीटर ५ कमी सांगतो, तेवढं धरून चाला.

माडाखालची
थांबा थांबा. म्हणजे पावसात आमची मिठाची बरणी पाणी सोडते ती हवा ७५ च्या वर गेली की सोडते?? आणि आम्ही आपले तांदळाचे दाणे टाकत बसतो.

थंड_डोक्याचा
अगदी बरोबर काकू. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्क्यांच्या वर हवेतली वाफ ओढून ओलं होतं. जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते त्याच्याही आधी पाझरायला लागतं. तुमची बरणी हा वेंगुर्ल्याचा जुना हायग्रोमीटर (दमटपणा मोजायचा मीटर) आहे.

पायथन_बंगळूर
हे आयडी बघून लोक मला कोडिंगचे प्रश्न विचारतात, आज पहिल्यांदा खऱ्या पायथनचा धागा आला, आनंद झाला!

माझ्याकडे दोन बॉल पायथन. (भारतात आहेत, रीतसर नोंदणी आहे, त्यावर कोणी विचारलं तर सांगेन.) बंगळूरमध्ये पण फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी हवा ३० च्या खाली जाते, त्यामुळे या सगळ्यातून गेलोय.

रेवाताई, स्प्रे बंद करा. मनापासून सांगतोय. स्प्रेने वरचा थर भिजतो, मीटर उडी मारतो, आपल्याला समाधान मिळतं आणि साप मात्र ओल्या पोटाने कोरड्या हवेत बसतो. दोन्हीकडून वाईट. पोटाखालचे खवले सतत ओले राहिले की लालसर-तपकिरी डाग पडतात, कुजायला लागतात. दमटपणा वरून द्यायचा नसतो, खालून यायला पाहिजे.

अ‍ॅस्पेन काढून टाका, तो कोरड्या हवेत राहणाऱ्या सापांसाठी ठीक, ओला झाला की दोन दिवसांत बुरशी. त्याच्या जागी नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोकोपीट, निम्मं निम्मं, चार इंच जाडीचा थर. मग पेटीच्या चारही कोपऱ्यांत तांब्याने पाणी ओतायचं, हळूहळू, तळाशी मुरेल असं. वरचा इंचभर थर कोरडा राहतो, खालचा ओला, आणि ती ओल दिवसरात्र सावकाश वर येत राहते. कुंडीला पाणी घालतो तसंच. जाळीचा पाऊण भाग वरून अ‍ॅल्युमिनियम फॉइलने झाका, दिव्याभोवती बोटभर जागा सोडा, थंड बाजूला (दिव्यापासून लांबच्या) एक पट्टी उघडी ठेवा. पाण्याचं भांडं मोठं, रुंद तोंडाचं.

आणि पेटीच्या आत चिकटपट्टी कुठेही लावू नका. साप तिला चिकटला की सोडवताना खवले निघतात. मी एकदा मीटरची वायर टेपने लावली होती, अर्धा तास खाद्यतेल लावून सोडवत बसलो, अजून अंगावर काटा येतो.

जनावरांची_डॉक्टर
मी ऑन्टारिओत पशुवैद्य आहे, सरपटणारे प्राणी बरेच येतात. जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडे अडकलेल्या कातीचा हंगाम. वरच्या सगळ्याला दुजोरा. रेवा, आधी तुझ्या मिरीचं बघू.

शेपटीचं कडं महत्त्वाचं. ते सुकून आवळत जातं, रक्तपुरवठा थांबतो आणि शेपटीचं टोक काळं पडून गळू शकतं. एका हवेशीर डब्यात ओला टॉवेल घाल, पाणी कोमट, साधारण ३० सेल्सिअस, आपल्या हाताला गरम लागायला नको. तिला त्यात अर्धा तास ठेव आणि डब्याजवळून हलू नकोस. मग ओल्या कपड्यातून तिला स्वतःहून सरकू दे, कडं घासून निघतं. नाही निघालं तर उद्या परत. ओढायचं नाही.

डोळ्याला हात लावू नकोस. चिमटा, चिकटपट्टी, काहीही नाही. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तो कातीबरोबर बदलतो. जुना राहिलाय असं समजून लोक चांगला खवला ओढतात आणि डोळा जातो. शिवाय तुला पापुद्रा वाटतोय ती खळगी पण असू शकते, कोरड्या हवेत डोळ्यावरचा खवला दबल्यासारखा दिसतो आणि दमटपणा मिळाला की भरून येतो. डिसेंबरची कात बघ, डोक्याच्या तुकड्यात डोळ्यांच्या दोन गोल काचा आहेत का. पुढच्या कातीलाही निघाला नाही तर डॉक्टरकडे ने.

@बंड्या, धुक्याच्या मशीनबद्दल मला काळजी वाटते. ते रोज स्वच्छ केलं नाही तर टाकीतले जंतू थेट सापाच्या फुप्फुसात, आणि गार ओली हवा सापाला सोसत नाही. तोंड उघडं ठेवून श्वास, घरघर, नाकाशी बुडबुडे, हे दिसलं की दवाखाना. दमट आणि उबदार चालतं, ओलं आणि गार नाही.

टेक्सासचा_बंड्या
डॉक्टर, मशीन मी स्वतः वापरत नाही, ऐकून लिहिलं होतं, मागे घेतो. आणि माझा साप दमट गावात राहतो म्हणून माझं जमतंय हे ६ वर्षांत लक्षातच आलं नव्हतं राव.

निसर्गाचं_देणं
सगळे एवढे मन लावून उपाय सांगताय पण मूळ प्रश्न कोणी विचारत नाहीये. आफ्रिकेतला प्राणी बर्फात कशाला? त्याला पेटीत ठेवायचं, मग त्याच्यासाठी हवा बनवायची. प्राण्यावर प्रेम असेल तर त्याला त्याच्या जागी राहू द्यावं. मला हे पटत नाही, माफ करा.

रानवाट_सातारा
@निसर्गाचं_देणं तुमची कळकळ कळते. मी १८ वर्षं साताऱ्याकडे साप पकडून सोडतो, घरी एकही ठेवत नाही आणि ठेवू पण नये. आपल्याकडचा कुठलाही देशी साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, मग तो धामण असो, मांडूळ असो, अजगर असो. मांडुळाच्या मागे तर गुप्तधनाच्या खुळापायी किती जीव गेले. पण रेवाताईंची मिरी पैदाशीतली आहे, तिला घानाच्या रानात नेऊन सोडता येणार नाही. आता ती आहे, तर तिला नीट ठेवणं हेच तिच्यावरचं प्रेम.

आता मला जे सांगायचंय ते. बॉल पायथन मी पाळलेला नाही, पण तो राहतो कुठे ते वाचलंय. घाना, टोगो, बेनिन. तिथे हिवाळ्यात सहाराकडून हरमॅटन वारा येतो, हवा कोरडीठाक, धुळीने सूर्य दिसत नाही. मग हा साप टिकतो कसा? उंदरांच्या बिळात आणि वारुळात बसून. माझ्या इथे पण तेच आहे. माण-खटावकडे एप्रिलमध्ये माती इतकी तापते की पाय ठेववत नाही, आणि नाग कुठे सापडतात? वारुळात, रांजणाखाली, मोरीच्या दगडाखाली, विहिरीच्या कपारीत. वाळवी आपलं घर आतून ओलं ठेवते, बाहेर रखरखाट असला तरी फुटलेल्या वारुळात हात लावून बघा, माती गार आणि ओलसर लागते. नागोबा वारुळात राहतो म्हणून आपण पूजा तिथे करतो, तो तिथे का राहतो हे मात्र फारसं कोणी बघत नाही.

म्हणून माझ्या अडाणी बुद्धीला वाटतं, अख्खी खोली दमट करण्यापेक्षा पोरीला एक वारूळ करून द्या.

जनावरांची_डॉक्टर
रानवाट, तुम्ही जे सांगितलंत त्याला इकडे ओला लपणडबा म्हणतात आणि मी प्रत्येकाला तो करायला सांगते, पण वारूळ शब्द हजारपट चांगला आहे. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, साप वेटोळं करून बसला की तिन्ही बाजूंनी अंग टेकेल एवढाच, बाजूला एक भोक, कडा घासून गुळगुळीत. आत स्फॅग्नम शेवाळ, भिजवून घट्ट पिळलेलं. पिळल्यावर पाणी टपकायला नको, हाताला ओल लागली पाहिजे, बस. उबदार आणि थंड बाजूंच्या मध्ये ठेव. शेवाळ दर एक-दोन आठवड्यांनी बदल, वास आला तर लगेच. कोरडी लपायची जागा पण ठेवायची, तिला निवड करता आली पाहिजे.

पायथन_बंगळूर
+१. माझी मोठी मादी कात टाकायच्या आधी डोळे दुधी-निळे झाले की स्वतःहून ओल्या डब्यात जाते, आठ-दहा दिवस तिथेच, कात टाकून झाली की बाहेर. कोणी शिकवलेलं नाही.

कायद्याचं विचारलंय एकाने व्यनित म्हणून इथेच लिहितो. बॉल पायथन साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट दोनमध्ये आहे. आपल्या वन्यजीव कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यात असे परदेशी प्राणी चौथ्या अनुसूचीत आले, आणि २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कागद नसलेला साप कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, तो रानातून किंवा चोरट्या मार्गाने आलेला असू शकतो.

मी_फक्त_वाचते
लहानपणी कात्रजच्या सर्पोद्यानात गेले होते तेव्हा घाबरून बाबांच्या खांद्यावरून खाली उतरले नव्हते. आज पहिल्यांदा सापाबद्दल दोन तास वाचत बसलेय.

रेवाकाठ
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, डोळ्यांत पाणी आलं खरंच.

शेपटीचं कडं काल दुसऱ्या टॉवेलला निघालं!! टोक गुलाबीसर आहे, काळं नाही. डिसेंबरची कात मुलाने डब्यात जपून ठेवली होती, भिंग घेऊन बसलो तर दोन्ही काचा होत्या. म्हणजे डोळ्यावर आहे ती खळगीच. डॉक्टर, तुम्ही नसतात तर मी कापसाने चोळणार होते.

भुसा बदलला, झाकण झाकलं, वारूळ केलं (श्रीखंडाचा मोठा डबा, भोक ह्यांनी तापल्या सुरीने पाडलं आणि कडा घासल्या). मिठाची परीक्षा केली, एक मीटर ७३ आणि दुसरा ७९. आता नवीन गोंधळ. ती चूक धरूनसुद्धा थंड बाजूचा मीटर ७० सांगतो आणि गरम बाजूचा ४८. एकाच पेटीत, दीड हातावर. कोणता खरा? गरम बाजूला अजून पाणी घालू का?

थंड_डोक्याचा
नका घालू, दोन्ही खरे आहेत. थंड बाजू किती, ७७ फॅरनहाइटच्या आसपास? म्हणजे २५ सेल्सिअस. त्या हवेत २३ ग्रॅम मावतात, तुमच्याकडे त्याचे ७० टक्के, म्हणजे १६. गरम बाजूला ९० फॅरनहाइट, ३२ सेल्सिअस, तिथे जवळजवळ ३४ ग्रॅम मावतात. तेच १६ ग्रॅम पाणी ३४ च्या जागेत म्हणजे ४८ टक्के. वाफ तेवढीच आहे, भांडं मोठं झालं. तुमचा आकडा इतका चपखल आला की मीच दोनदा हिशेब केला.

म्हणून कोणी नुसतं "६० ठेवा" म्हटलं की विचारायचं, कुठे? दिव्याखाली की कोपऱ्यात?

जनावरांची_डॉक्टर
आणि कोणत्या उंचीवर. मीटर काचेवर वर नको, साप जिथे असतो तिथे, जमिनीलगत. पूर्वी पुस्तकांत बॉल पायथनसाठी ५०-६० लिहायचे, आता आम्ही ६० ते ८० सांगतो. तुझी थंड बाजू ७०, गरम बाजू ४८ आणि वारुळात ८५-९० असेल तर मी खूश आहे. ती फिरून आपलं आपण बघेल.

नाशिककर_उसगावात
इतके आकडे बघून धडकी भरते हो. आमच्या शेजाऱ्यांकडे साप आहे, ते काहीच मोजत नाहीत आणि तो मजेत आहे.

पायथन_बंगळूर
मजेत आहे की कळत नाहीये? साप ओरडत नाही, शेपटी हलवत नाही, रुसून बसत नाही. कुत्र्याला तहान लागली तर तो भांडं वाजवतो. साप काय सांगणार, तो फक्त कात टाकतो, आणि ती फाटकी निघाली की समजायचं गेले दीड-दोन महिने काहीतरी बिनसलं होतं. तोपर्यंत आकडेच बघायचे, दुसरा इलाज नाही.

रानवाट_सातारा
हे वाक्य अगदी खरं. गारुड्यांकडच्या नागाचं पण तेच व्हायचं. नागपंचमीच्या आधी कित्येक दिवस तहानलेला ठेवायचे, मग तो दुधाला पण तोंड लावायचा आणि लोक म्हणायचे बघा, नाग दूध पितो. त्याला पाणी हवं असायचं.

माडाखालची
अरे देवा. आम्ही लहानपणी वाटीत दूध दिलंय हो. वाईट वाटलं वाचून.

रेवाकाठ
बरेच दिवसांनी लिहितेय. दहा दिवसांपूर्वी मिरीचे डोळे निळे झाले, रंग मळकट झाला आणि ती वारुळात गेली ती गेलीच. मुलगा रोज शाळेतून आला की दप्तर न काढता पेटीसमोर, उघडायचं नाही म्हणून नुसता काचेतून बघायचा. बाहेर परत उणे २२, पेटीत थंड बाजूला ६८ च्या खाली गेलं नाही. आठवड्यातून एकदा कोपऱ्यात अर्धा-पाऊण लिटर पाणी, एवढंच करते. दोनचा गजर बंद केलाय.

आज सकाळी कात बाहेर पडली होती. अख्खी. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, डोळ्यांच्या दोन्ही काचांसकट, एकही भोक नाही. ओली असतानाच जेवणाच्या टेबलावर पसरली, ३४ इंच भरली (कात ताणली जाते, साप तेवढा लांब नसतो, हे मला मुलाने सांगितलं). डाव्या डोळ्यावरची खळगी गेलीये. मिरीचा काळा रंग असा चमकतोय की हात लावला तर ओला लागेल असं वाटतं.

एकच शंका. एका कोपऱ्यात पांढरी बुरशी दिसली, रुपयाएवढी. काळजीचं आहे का?

पायथन_बंगळूर
अभिनंदन!! बुरशी असलेला भाग चमच्याने उचलून टाका, त्या कोपऱ्यात आठवडाभर पाणी नको, आणि आठवड्यातून दोनदा खालचा थर वरखाली करा. जमलं तर स्प्रिंगटेल सोडा, बारीक पांढरे किडे असतात, बुरशी खातात, सापाला काही करत नाहीत. काळे किंवा तपकिरी ठिपके सापाच्या अंगावर, हनुवटीखाली किंवा पाण्याच्या भांड्यात दिसले तर मात्र ते माइट (रक्त पिणारे बारीक किडे), त्यांनाही दमटपणा आवडतो, तेव्हा दर आठवड्याला पांढऱ्या कागदी रुमालावरून तिला सरकवून बघत जा.

निसर्गाचं_देणं
पाळण्याबद्दलचं माझं मत बदललं नाही. पण कात अख्खी निघाली हे वाचून बरं वाटलं. मुलाला शाबासकी सांगा.

मी_फक्त_वाचते
आता वाचनमात्र राहवत नाही म्हणून विचारते. भाची कॅलगरीत असते, तिच्याकडे कॉर्न स्नेक आहे. तिला हेच सगळं पाठवू का?

जनावरांची_डॉक्टर
थांब, जसंच्या तसं नको. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला, त्याला एवढी ओल लागत नाही, ४० ते ५५ पुरे, आणि सतत ८० मध्ये ठेवला तर पोटाचे खवले बिघडतील. त्याला अ‍ॅस्पेनसुद्धा चालतो. केनियन सँड बोआ असता तर अजून कोरडं सांगितलं असतं, ब्राझिलियन रेनबो बोआ असता तर ८० च्या वर. जात विचारल्याशिवाय आकडा सांगायचा नाही. वारूळ मात्र तिलाही करायला सांग, कॅलगरीची हवा मिनेसोटाहूनही कोरडी, आणि डोळे निळे झाले की शेवाळ ओलं आहे ना तेवढं बघत राहायचं.